कारणाचा रकाना

मोबाईलचा टॉवर हलला तर हिंदुराव कणशाचा फायदा काय, हे त्याच्या हातातला चहा निवायच्या आत मी मनाशी मांडून ठेवलं होतं. टॉवर उभा होता जगन्नाथ कणशाच्या शेतात, आणि जगन्नाथ हिंदुरावाचा सख्खा चुलतभाऊ. म्हणजे गावातला सगळ्यात जवळचा वैरी. तो टॉवरचं भाडं घरबसल्या खायचा आणि चारचौघांत ढेकर द्यायचा. त्यात वर्षभरावर पंचायतीची निवडणूक आलेली. गाव कॅन्सरपासून वाचवणाऱ्याला मत नाकारेल असं घर आमच्या खोडदऱ्यात नव्हतं. जमेची बाजू अशी भरगच्च, आणि खर्चाच्या बाजूला काहीच नाही. इतका निव्वळ नफा मी आयुष्यात पाहिला नव्हता, म्हणून तर मला धसका बसला. खर्च असतोच. तो कुणाच्या नावावर पडणार, एवढंच कळायचं राहतं.

दोन ऑक्टोबरची सकाळ होती. दहा वर्षं होऊन गेली त्याला. दहा वाजता शाळेच्या पटांगणात ग्रामसभा, आणि आठ वाजता हिंदुराव माझ्या ओसरीवर.

"नाना, येताना मयतीचं रजिस्टर घेऊन या."

"कशाला? शाळेतल्या कारंडे मॅडमना नकला दिल्यात की. सहीशिक्क्यानिशी."

"नक्कल ती नक्कल. लोकांना मूळ पोथी दिसाय पायजे."

मी तेव्हा पंचायतीचा क्लार्क होतो. सदाशिव गुरव, गाव नाना म्हणतं. एकतीस वर्षं खोडदऱ्यात कोण जन्मलं आणि कोण गेलं हे माझ्या अक्षरात लिहिलं गेलं. ग्रामसेवक सहीपुरते. ते बदलून जात, शाई माझीच राहायची.

"चार्ट बगितला का त्या पोरीचा?" हिंदुराव बशी फुंकत म्हणाला. "टॉवरच्या आदी पाच वर्सं, कॅन्सरनं मेले किती? शून्य! टॉवर आल्यावर पाच वर्सं, किती? अकरा! लाल दांड्या काढल्यात तिनं. मी तर म्हंतो, भैरोबानंच हिला धाडली."

"हिंदुराव, तुमच्या आई कधी गेल्या?"

त्यानं बशी खाली ठेवली. आवाज होऊ न देता ठेवली.

"सहा साली. भादव्यात."

"टॉवर नऊ साली आला."

"व्हय."

"मग त्यांना काय झालं होतं?"

"वार्धक्य," हिंदुराव म्हणाला आणि माझ्याकडे सरळ बघितलं. "तुमीच लिवलंय. म्या नुसती सही केली. अक्षर तुमचं हाय, नाना."

सरुबाई कणसे गेल्या तेव्हा अठ्ठावन्नच्या होत्या. शेवटच्या दोन महिन्यांत त्यांचा उजवा गाल आतून खात खात बाहेर आला होता. शहरातल्या दवाखान्याचा कागद हिंदुरावच्या खिशात होता. त्यानं तो मला वाचू दिला आणि परत खिशात घातला. बहिणीची सुपारी फुटायची होती. "आईला व्हता म्हंजी पोरीलाबी व्हनार, असं म्हंत्यात लोकं. सोयरीक मोडंल, नाना." त्यानं भैरोबाचा अंगारा माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ मिटवली. मी मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात 'वार्धक्य' लिहिलं. लग्न झालं, जेवायला मीही गेलो.

त्याआधी मी दोन-चारदा असं केलं होतं. त्यानंतर तर पायंडाच पडला. नाना सांभाळून घेतात, हे ज्याला गरज त्याला कळायचं. कुणाची मुलगी उजवायची, कुणाच्या हॉटेलात गिऱ्हाईक येणार नाही अशी भीती. एकेकाचा अंगारा माझ्या मुठीत येत गेला आणि खोडदऱ्यात वार्धक्य चाळिशीतही यायला लागलं. तेव्हाचे ग्रामसेवक सही कुठं करू एवढं विचारण्यापुरतेच रजिस्टरकडे बघत. मग नऊ साली फडतरे भाऊसाहेब आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "डॉक्टरचा कागद जोडल्याशिवाय मी सही करणार नाही." झालं. त्या दिवसापासून रजिस्टर खरं बोलायला लागलं. आणि त्याच वर्षी, दिवाळीच्या आगेमागे, जगन्नाथच्या शेतात टॉवर उभा राहिला.

आता एवढं ऐकल्यावर शून्याचे अकरा कसे झाले, ते वेगळं सांगायला नको.

खरं काय ते मला नक्की माहीत होतं, कारण खोटी नोंद केली की मला झोप यायची नाही. म्हणून मी एक खिशातली डायरी ठेवली होती. 'वार्धक्य' लिहिलेल्या प्रत्येकाचं नाव, तारीख आणि खरा रोग. टॉवरच्या आधीच्या पाच वर्षांत रजिस्टरमध्ये शून्य होतं, डायरीत दहा.

"नोकरी किती ऱ्हायली तुमची?" हिंदुरावनं विचारलं.

"पाच महिने."

"हां." तो उठला, टोपी सारखी केली. "पाच म्हैन्यांसाठी कशाला झाकली मूठ उघडताय? आन खोटी नोंद म्हंजी काय, ते मी अडाणी मानूस तुमाला सांगू व्हय? काढायचा हाय टॉवर. टॉवरला काय आईबाप हाय?"

फटफटी सुरू करून तो गेला. जाता जाता आत बघून म्हणाला, "वैनी, च्या फक्कड झालता!"

वैनी म्हणजे माझी बायको, अंजना. ती चुलीपुढं बसून तव्यावर तंबाखू भाजत होती. आमच्याकडे बायका तंबाखू काळी होईस्तोवर भाजतात, कुटतात आणि ती मशेरी दातांना लावतात. सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि मग कंटाळा आला की. अंजनाला दिवसभरात बराच कंटाळा यायचा.

"काय म्हंत हुते हिंदूभावजी?"

"रजिस्टर आणा म्हणत होता."

"मग न्या की. तोंड का एरंडेल प्याल्यावानी?" तिनं ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली आणि स्वतः भाकरी ताकात कुस्करली. आठ-दहा दिवस ती ठेचा खात नव्हती. तोंड आलंय, म्हणायची.

"तोंड दाखव बरं डॉक्टरला. आणि ती मशेरी सोड."

"झालं सुरू." ती हसली. काळे, चकचकीत दात. "आमच्या आईनं जलमभर लावली. सत्तर वर्साची हून गेली."

"तुझ्या आईचं जाऊ दे."

"बरं, दुसरं सांगा. तुमी मयतीचं मुनीम. मशेरीनं मेली अशी गावातली एक बाई दावा मला तुमच्या बुकात. एकच. आत्ता डबी चुलीत टाकते."

हे आमचं जुनं भांडण. तिचा हा डाव मला कधी तोडता आला नव्हता. बुकात नव्हतीच अशी बाई. डायरीत सहा होत्या. पण अंजनाला एक नाव सांगणं म्हणजे गावात दवंडी देणं. पाणवठ्यावर ती गोष्ट संध्याकाळपर्यंत तीनदा धुऊन निघाली असती. मी भाकरी खाल्ली. उठताना डायरी कोटाच्या आतल्या खिशात घातली. का घातली, ते तेव्हा मलाही नीट ठरवता आलं नव्हतं.

शाळेत पोचलो तेव्हा कारंडे मॅडम व्हरांड्यात खुर्चीवर चढून चार्ट टांगत होती. कोल्हापूरकडची मुलगी, विज्ञान शिकवायची. दोन वर्षं झाली होती येऊन. माहितीच्या अधिकारात अर्ज करणारी खोडदऱ्यातली पहिली बाई. अर्ज आला तेव्हा फडतरे भाऊसाहेबांनी तो दोन बोटांत धरून माझ्याकडे दिला होता, विंचू धरावा तसा.

"नाना, हे टोक धरता जरा?"

मी टोक धरलं. डावीकडे पाच रिकामी वर्षं, उजवीकडे पाच लाल दांड्या. मधे शिसपेन्सिलीनं काढलेला टॉवर.

"सुबक काढलाय," मी म्हणालो.

"सुबक नको, बरोबर पाहिजे." ती खाली उतरली. "एक विचारू? मला रात्रंदिवस एकच खटकतंय. आधीची पाच वर्षं एकही नाही, हे कसं? अडीच हजारांचं गाव. एखादा तरी असायला हवा होता."

माझ्या हातातलं टोक सुटलं. चार्ट एका बाजूला लोंबला.

"आणि तुमच्या रजिस्टरमध्ये नुसतं 'कर्करोग' आहे. कशाचा, ते नाही. पोटाचा, रक्ताचा, घशाचा, कळायला नको का? हिंदुरावांना विचारलं तर म्हणाले, टॉवरचा." ती हसली नाही. "नाना, माझं टॉवरशी भांडण नाही. माझा भाऊ तर मोबाईलच्या दुकानात कामाला आहे. लोक मला विचारायला लागले म्हणून मी आकडे काढले. पण आकडा चुकीचा असेल तर मला आत्ता सांगा. मी चार्ट इथंच फाडते, आणि सभेत उभी राहून माझं चुकलं म्हणते."

असं कुणी मला एकतीस वर्षांत विचारलं नव्हतं. पटांगणात अजून चारदोन म्हातारे सोडले तर कुणी नव्हतं. हात कोटाच्या आतल्या खिशाशी गेला. डायरी होती. नुसती काढून तिच्या हातात द्यायची. मग ती विचारणार, हे कुणी लिहिलं? मग फडतरे. मग चौकशी. आणि त्याच्याही आधी सरुबाईंचं नाव, पहिल्याच पानावर. आणि सरुबाईंची लेक सासरी नांदतेय, तिला दोन मुली.

"मॅडम," मी म्हणालो, "जुन्या नोंदी जरा..."

"जरा काय?"

फाटकातून फटफटी आत आली. हिंदुरावनं ती थेट व्हरांड्याच्या पायरीला लावली. "काय म्हंत्यात आमचं नाना?"

"जुन्या नोंदी जरा अस्पष्ट आहेत," मी म्हणालो. "अक्षर पुसट झालंय."

"मला नीट वाचता आलं," मॅडम म्हणाली. चार्टचं लोंबलेलं टोक तिनं स्वतःच खिळ्याला अडकवलं.

सभेला एवढी गर्दी मी पाण्याच्या योजनेलाही पाहिली नव्हती. एका बाजूला बाया, पुढच्या रांगेत अंजना. टेबलामागे सरपंच, पण ते जगन्नाथच्या मिंध्यात असल्यामुळे तोंड न उघडण्याचा निर्णय घेऊन आले होते. त्यांच्या शेजारी फडतरे, मग मी. माझ्यापुढं रजिस्टर आणि त्यावर माझा पंजा. टॉवर कंपनीचा एक माणूस आला होता, पुण्याचा, कडक इस्त्रीचा शर्ट. पाच वर्षांचा करार संपत होता आणि पुढच्या करारासाठी त्याला गावाची ना-हरकत हवी होती.

आधी गाव मोकळं झालं. एक जण म्हणाला, टॉवर आल्यापासून कड्यावरचं आग्यामोहळ उठून गेलं. दुसरा म्हणाला, पाऊस फिरला. तिसऱ्याची तक्रार, टॉवर आल्यापासून त्याची सून माहेराशी तास तास बोलते आणि हा रोग कॅन्सरपेक्षा वाईट. जगन्नाथ उठला आणि त्यानं स्वतःचं शास्त्र मांडलं:

"माजी म्हस टावरच्या बुडाला बांदलीय. दीड लिटर दूद वाढलंय. टावरनं रोग व्हतोय तर म्हस का मरंना?"

"म्हशीला मोबाईल घेऊन दे," मागून कुणी तरी ओरडलं. सभा खदखदली.

मग कारंडे मॅडम उभी राहिली. "मधमाश्यांचं मला माहीत नाही. म्हशीचंही नाही. माहीत नसलेलं मी बोलणार नाही. पंचायतीच्या रजिस्टरमध्ये जे आहे तेवढंच सांगते." आणि छडीनं एकेक दांडी दाखवत, बेरीज करत अकरापर्यंत आली. शेवटच्या दांडीला बायांच्या बाजूनं हुंदका आला. ती बाई मागच्या श्रावणात विधवा झाली होती.

कंपनीच्या माणसानं त्याचे कागद काढले. लहरी किती, मर्यादा किती, कुठल्या समितीनं काय म्हटलं. चांगलं बोलत होता, पण वाचून बोलत होता, आणि वाचून बोलणाऱ्याचं आमच्याकडे कुणी खरं धरत नाही. शेवटी वैतागून त्यानं कागद मिटले आणि सभेतला एकमेव नेमका प्रश्न विचारला.

"मॅडम, तुमचा हिशेब बरोबर असेल. पण टॉवरच्या आधीच्या नोंदी नीट ठेवल्या होत्या का? तेव्हा कॅन्सर झाला नव्हता, की लिहिला नव्हता?"

फडतरे भाऊसाहेबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. डॉक्टरच्या कागदाची अट त्यांची होती. त्यांच्या डोळ्यांत बेरीज चाललेली मला दिसली. ती पूर्णही झाली. मग त्यांनी खाली बघितलं आणि इतिवृत्ताच्या कोऱ्या ओळीवर टोपण काढून पेन ठेवलं. त्यांचा बदलीचा अर्ज तालुक्याला पडून होता.

"म्हंजी?" हिंदुराव उभा राहिला. "म्हंजी आमच्या नानानी खोटं लिवलं?"

"मी तसं म्हणत नाही..."

"तसंच म्हनताय! एकतीस वर्सं ह्या मानसानं गावाची जलममौत सांबाळली. कुनाच्या एका पैच्या च्याला मिंदा न्हाई. अन् पुन्याचा मानूस येऊन त्याला लबाड म्हंतो?"

सभा उसळली. ज्यांचे अंगारे माझ्या मुठीत होते ते सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते. मला दिसत होते ते एकेक. तिसऱ्या रांगेतला हॉटेलवाला. खांबाला टेकलेला, बायको बेचाळिसाव्या वर्षी 'वार्धक्यानं' गेलेला. आपण काय लपवलंय हे प्रत्येकाला माहीत होतं. पण आपलं एकट्याचंच, असं प्रत्येकाला वाटत होतं. एका घरानं काय मोठा फरक पडतो! बेरीज फक्त माझ्या खिशात होती.

"एक मिनिट," कारंडे मॅडम म्हणाली. आवाज चढवला नाही, तरी लोक गप्प झाले. "प्रश्न रास्त आहे. नाना इथंच बसलेत. त्यांनाच विचारू."

रजिस्टरवरचा पंजा उचलता येईना. तेवढ्यात पुढच्या रांगेतून अंजना उठली. पदर खोचला. सभेत बोलायची तिची ती पहिली वेळ.

"विचारा की! भितंय कोन? माझ्या घरचं मानूस हाय म्हनून म्हनत न्हाई. पर ह्यांनी सख्ख्या भावाला वयाचा खोटा दाखला दिला न्हाई. सा म्हैने बोलत नव्हता दीर. आवं, सांगा की एकदाचं. हाय का न्हाई तुमचं बुक खरं?"

ती माझ्याकडे बघत होती, हनुवटी वर करून. असं तिनं लग्नाच्या दिवशीही बघितलं नव्हतं.

डायरी छातीशी टोचत होती. उजवीकडे हिंदुराव, डावीकडे फडतरे, समोर ती पोरगी छडी खाली धरून उभी, आणि मधे माझी बायको. बाहेर पडायला एकच फट होती आणि ती उलट्या बाजूला उघडत होती.

"रजिस्टर बरोबर आहे," मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. अंजना पदरानं तोंड पुसत खाली बसली. कारंडे मॅडमनं मान हलवली, छडी भिंतीला टेकवून ठेवली आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही. फडतरेंचं पेन चालू लागलं: ठराव एकमतानं मंजूर.

दिवाळीनंतर टॉवर उतरवला. लोखंडाचा एकेक तुकडा ट्रकमध्ये पडला तसे हिंदुरावनं पेढे वाटले. पुढं महिनाभरात खोडदऱ्यात नवी वहिवाट पडली. फोन लावायचा तर भैरोबाच्या माळावर चढायचं. खुद्द हिंदुराव पाण्याच्या टाकीच्या शिडीवर अर्ध्यात लोंबकळून व्याह्याशी बोलताना मी पाहिलाय. खाली उभ्या पोरांना तो सांगायचा, "त्रास झाला तरी चालंल, जीव म्हत्त्वाचा."

जीव महत्त्वाचा, हे अंजनालाही पटलं होतं. तिच्या तोंडातला फोड गेला नव्हता. गालाच्या आत पांढरट चट्टा होता, मला एकदा दिव्याशी नेऊन दाखवला तिनं.

"दवाखान्यात जाऊ," मी म्हणालो.

"कशापायी? टावरचंच हाय हे. आता टावर गेला, हळूहळू जाईल."

"अंजना, टॉवरनं नाही होत तसं."

"आं?" तिनं डबीत बोट बुडवलं. "सभेत तर म्हनाला की बुक खरं हाय म्हनून. मग बुक खरं का आत्ताचं खरं?"

मी तेव्हाही सांगितलं नाही. फेब्रुवारी संपायची वाट पाहिली. अठ्ठावीस तारखेला मला नारळ, शाल आणि गजराचं घड्याळ मिळालं. हिंदुरावनं भाषण केलं. एक मार्चला सकाळी मी डायरी तिच्यापुढं ठेवली. चौथीपर्यंत शिकलेली, बोट लावून वाचायची. सरुबाई कणसे, तोंड. गिरजा, खांबाला टेकलेल्याची बायको, जीभ. तिची स्वतःची मावससासू, जबडा. सहा नावांवरनं तिचं बोट गेलं. मग पान उलटून तिनं पुरुषांची चारही वाचली.

"ह्या सगळ्या मशेरीवाल्या," ती म्हणाली.

"हो."

"मी एकच मागत हुते."

ती उठली आणि डबी चुलीत टाकली. बोलल्याप्रमाणं.

शहरातल्या डॉक्टरनं बॅटरी लावून बघितलं आणि विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"टावर हुता तवापासनं," अंजना म्हणाली.

डॉक्टरला काही कळलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी महिने मोजून सांगितले, साडेपाच. साडेपाच महिन्यांपूर्वी आणायला हवं होतं, असं तो म्हणाला. मोजण्यातलं मला कुणी काही शिकवायला नको होतं.

ती आणखी सव्वादोन वर्षं होती. त्या वर्षांत तिनं गावातल्या बाया गोळा करून त्यांच्यापुढं पदर बाजूला करून गाल दाखवला, आणि काहींनी डब्या टाकल्याही. मला मात्र सभेबद्दल एक शब्द बोलली नाही. एकदाच, भाकरी गिळवेना तेव्हा, म्हणाली, "मी उगं उठले त्या दिवशी. मी उठले नसते तर तुमी खरं बोलला असता का वं?" मी हो म्हणालो. ती मान वळवून झोपली. तेही खरं होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

नोंद करायला पंचायतीत गेलो तर माझ्या खुर्चीवर प्राजक्ता बसलेली. कॉम्प्युटरवाली मुलगी, गावातलीच. रजिस्टर आता त्या डब्यात असतं. नाव, वय, तारीख झाल्यावर तिची बोटं थांबली. तिनं दाराकडे बघितलं, आवाज खाली केला.

"नाना, कारण काय टाकू? रेश्माचं बघताय ना तुम्ही सध्या? वार्धक्य टाकते. कुणाला काय कळतंय."

रेश्मा माझी नात. प्राजक्ताच्या चेहऱ्यावर माझ्याच चेहऱ्यावरची दया होती, नीट ओळखीची.

"तोंडाचा कर्करोग लिही," मी म्हणालो. "पुढं लिही, मशेरीमुळं."

तिनं पडद्यावर वर-खाली शोधलं. "मशेरीला रकाना नाही नाना."

"बरं."

"माहिती देणाऱ्याचं नाव?"

"सदाशिव गुरव."

त्या आठवड्यात मी डायरी आणि चार ओळी कारंडे मॅडमना पाठवल्या. ती तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होती. उत्तरात पत्र आलं नाही. लखोट्यात चार घड्या घातलेला चार्ट होता, मधोमध फाडलेला.

तर मांडणी अशी. हिंदुराव सरपंच झाला, दुसऱ्यांदाही. फडतरेंना हवा तो तालुका मिळाला. जगन्नाथनं टॉवरच्या चौथऱ्यावर गोठा बांधला. म्हैस दीड लिटर जास्तच देते म्हणतो. सरुबाईंची लेक सुखानं नांदतेय. माझी नोकरी एकही शेरा न बसता पुरी झाली. सगळ्यांच्या नावावर जमाच जमा. खर्च एकटीच्या नावावर पडला, आणि सभेत माझ्या बाजूनं उभी राहिलेली तेवढी एकच होती.